मंडळी म्हणजे कोण?





गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका गुजराती बेननी मला थांबवून विचारलं, "भाई, तमारी मंडळीमां व्याज केटला टका?" मी क्षणभर गोंधळलो. मग उलगडा झाला. दर रविवारी सकाळी मी घरातून निघताना बायकोला ओरडून सांगतो, "मंडळीत जातोय गं." बेन वर्षानुवर्षं ते ऐकत होत्या. त्यांचा समज असा की मी कुठल्या तरी पतपेढीत हप्ता भरायला जातो! त्यांच्या मुलीचं लग्न काढलंय, कर्ज हवं होतं. मी हसलो, त्याही हसल्या. पण घरी येऊन विचार करत बसलो आणि हसू मावळलं. बेन चुकल्या होत्या, पण पूर्ण चुकल्या होत्या का? त्या विचारातून हे पत्र लिहितो आहे. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आपल्या उधन्यात एकच शब्द चार घरांत चार अर्थांनी राहतो. गुजरातीत मंडळी म्हणजे सहकारी संस्था. सुरत जिल्ह्यात गावोगावी दूध मंडळी आहेत, त्यांचं दूध सुमुल डेअरीत जातं, आणि सुमुल 1951 सालापासून उभी आहे. सेवा सहकारी मंडळी खत-बियाणं देते, धिराणाची मंडळी कर्ज देते. तेव्हा बेनच्या कानाला मंडळी म्हणजे हिशोब, सभासद, व्याज. त्यात त्यांचा काय दोष?

आपल्या मराठीत मात्र मंडळी म्हणजे माणसं. "काय मंडळी, जेवणं झाली का?" घरची मंडळी, सासरची मंडळी, गावाकडची मंडळी. जुनी माणसं बायकोचं नाव घेत नसत, "आमची मंडळी माहेरी गेली" म्हणत. नाटकवाल्यांनीही हाच शब्द घेतला. 1880 साली किर्लोस्कर नाटक मंडळी निघाली, 1913 साली गंधर्व नाटक मंडळी. त्यांच्याकडे सुरुवातीला स्वतःचं थिएटर नव्हतं, पण मंडळी होती. गावोगाव फिरायचं, एका पंगतीला जेवायचं, एका बिऱ्हाडात झोपायचं. तंबू उठला तरी मंडळी उठत नसे. शब्दाच्या मुळाशी मंडल आहे, म्हणजे गोल. गोल करून बसलेली माणसं. शब्दाचा स्वभावच असा आहे की एकटादुकटा माणूस मंडळी होत नाही.

आणि चौथा अर्थ आपला, ख्रिस्ती लोकांचा. मराठी बायबलात आणि गुजराती बायबलातही हाच शब्द आहे. गुजराती नवा करार तर आपल्या सुरतेतच 1820च्या आसपास मिशनच्या छापखान्यात छापला गेला. फाइव्ही आणि स्किनर हे लंडन मिशनचे दोघे त्यामागे होते. कॅथलिक बंधुभगिनी ख्रिस्तसभा म्हणतात, आपण मंडळी म्हणतो. अर्थ एकच, ख्रिस्तानं बोलावलेली माणसं. इमारतीला गुजराती ख्रिस्ती वेगळा शब्द वापरतात, देवळ. किती सोपं! देवळ म्हणजे भिंती, मंडळी म्हणजे माणसं.

हे सगळं आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवलेलं आहे. पण आता आपण कसं बोलतो ते ऐका. "मंडळीला कुलूप आहे." "मंडळीला रंग द्यायचाय." "मंडळीच्या मागे गाडी लाव." म्हणजे मंडळी झाली भिंत. आणि दुसरीकडे, "तो मंडळीत नाही, त्याचं नाव नाही." म्हणजे मंडळी झाली वही. भिंत आणि वही या दोघांच्या मधून माणसं कधी गळून पडली ते आपल्याला कळलंच नाही.

मला कसं कळलं ते सांगतो. सांगायला जड जातंय, पण सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवापूर तालुक्यातला एक तरुण, तिशीच्या आतला, इथे लूमच्या खात्यात रातपाळीला होता. नाव देत नाही, त्याच्या आईला त्रास नको. सकाळी सातला पाळी सुटली की रविवारी तो खोलीवर न जाता थेट उपासनेला यायचा. अंगावर कापसाचा भुगा, डोळे लाल. दाराजवळच्या बाकावर बसायचा, कारण झोप लागली तर कुणाला दिसू नये. उपदेशात डुलकी घ्यायचा, गाण्याला मात्र बरोबर जागा व्हायचा. तीन वर्षं हेच चाललं होतं. आम्ही सगळे त्याला ओळखायचो, पण चेहऱ्यानं. त्याचं नाव माझ्यासकट कुणी नीट विचारलं नव्हतं.

एका गुरुवारी रात्री तो खात्यातच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. खोलीवरच्या पोरांना त्याच्या उशाखाली बायबल सापडलं, त्यावरून त्यांनी शोधत शोधत मला गाठलं. ती पोरं ओडिशाची, एक धुळ्याकडचा. धुळ्याचा भाऊ मला अहिराणीत म्हणाला, "भाऊ, यानी मंडळी कोठे शे?" त्याला म्हणायचं होतं, याची माणसं कुठं आहेत. मी मात्र मनात दुसऱ्याच मंडळीचा विचार केला आणि म्हणालो, "थांब, मंडळीला फोन लावतो."

फोन लावला. ज्या कमिटीला लावला तिचं नाव इथं लिहीत नाही, कारण तिथं जे झालं ते कुठंही होऊ शकलं असतं. उत्तर आलं, "भाऊ, त्याचं नाव आपल्या नोंदवहीत नाही. वर्गणी नाही. तो आपल्या मंडळीचा नाही. गावच्या मंडळीचं पत्र आणा, मग इथं माती देता येईल." गावच्या पाळकांचा फोन लागेना. डोंगरात रेंज नाही. रात्र गेली, सकाळ गेली. शेवटी पोरांनी वर्गणी काढली, खात्याच्या मुनीमानं भर घातली, टेम्पो केला आणि आम्ही त्याला बारडोली, व्यारा, सोनगडवरून नवापूरकडे नेलं.

वाटेत मला कमिटीचा राग येत होता. पण व्यारा मागे पडलं आणि आठवलं की पत्राशिवाय बाहेरच्याला माती द्यायची नाही हा ठराव ज्या बैठकीत झाला, त्या बैठकीत मी होतो. हात वर केला होता. सहीसुद्धा आहे माझी.

गावात पोचलो. त्याच्या आईनं रडणं आवरून मला एकच प्रश्न विचारला, "तिकडची मंडळी आली का हो बरोबर?" मी मागे वळून पाहिलं. टेम्पोजवळ सहा जण उभे होते. त्यात ख्रिस्ती मी एकटा. बाकीच्या पाच जणांनी आयुष्यात कधी उपासनेला पाऊल ठेवलेलं नाही. त्यांची एका दिवसाची मजुरी बुडाली होती. रात्रभर मयताजवळ तेच बसले होते.

मी म्हणालो, "हो माय, आली."

खोटं बोललो का मी? दोन वर्षं हा प्रश्न मला सोडत नाही.

आता कुणी म्हणेल, भाऊ, एका प्रसंगावरून शब्दाचा कीस कशाला काढता? काढतो, कारण हा शब्द असाच, फुकटात मिळालेला नाही. थोडा इतिहास सांगतो.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत मूळ शब्द आहे एक्लेसिया. तो धर्माचा शब्दच नव्हता. नगरातल्या लोकांना हाक मारून एकत्र बोलावलं की जमलेल्या सभेला एक्लेसिया म्हणत. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19 काढून पाहा. इफिस शहरात चांदीच्या मूर्ती घडवणारे कारागीर धंदा बुडेल म्हणून दंगा करतात, नाट्यगृहात गर्दी उसळते, आणि त्या गोंधळी गर्दीलाही तिथं हाच ग्रीक शब्द वापरलेला आहे. म्हणजे शब्द चौकातला, बाजारातला. इंग्रजीतला चर्च हा शब्द मात्र वेगळ्या मुळातून आला. त्याचा मूळ अर्थ प्रभूचं घर असा. एका शब्दात माणसं, दुसऱ्यात वास्तू.

विल्यम टिंडेल नावाच्या माणसाला ही गोष्ट खटकली. 1526 साली त्यानं नवा करार इंग्रजीत छापला तेव्हा चर्च हा शब्द टाळून त्यानं काँग्रिगेशन, म्हणजे जमलेले लोक, हा शब्द घातला. केवढा गहजब झाला! थॉमस मोरसारख्या विद्वानानं त्याच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला, आणि त्यात या एका शब्दावरही तक्रार होती. कारण उघड आहे. चर्च म्हणजे जमलेली साधी माणसं असं ठरलं, तर किल्ल्या कुणाच्या हातात हा प्रश्न निघतो. 1536 साली टिंडेलला धर्मद्रोही ठरवून मारलं, प्रेत जाळलं. पुढे राजा जेम्सच्या काळात नवं भाषांतर करायला पंडित बसवले, तेव्हा त्यांना लेखी नियम दिले होते. त्यात एक असा की जुने धर्माचे शब्द तसेच ठेवा, चर्चच्या जागी काँग्रिगेशन घालू नका. 1611 साली ते बायबल निघालं, शब्द चर्चच राहिला.

आपल्याकडे मात्र भाषांतर करणाऱ्यांनी सरळ माणसांचाच शब्द उचलला, मंडळी. ज्यासाठी टिंडेल इतका झगडला ते आपल्याला आजीच्या तोंडून ऐकत ऐकत मिळालं. आणि आपण काय केलं? त्या शब्दाला कुलूप लावलं, रंग दिला, वहीत घातलं.

शब्द साध्या माणसाला कळावा यासाठी आपल्या लोकांनीही कष्ट केलेत. पंडिता रमाबाईंनी उतारवयात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्ख्या बायबलाचं मराठी भाषांतर केलं. हिब्रू आणि ग्रीक त्यासाठी शिकल्या. प्रचलित भाषांतर पंडिती आहे, माझ्या आश्रमातल्या साध्या बायकांना ते समजत नाही, ही त्यांची तळमळ. छापण्याचं कामही आश्रमातल्या बायकांनीच केलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, पण भाषांतर पुरं करून गेल्या. आणि रेव्हरंड टिळक? त्यांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. टिळकांना नोंदवही म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं असं नाही. माणूस आधी आणि वही मागून, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

आणखी एक जोडपं मला हल्ली फार आठवतं. अक्विला आणि प्रिस्किल्ला. अक्विला मूळचा पंत प्रांतातला, काळ्या समुद्राच्या बाजूचा. पोटासाठी रोमला गेला असावा. क्लौद्य बादशहानं यहुद्यांना रोम सोडायला लावलं तेव्हा दोघं करिंथला आली. धंदा तंबू शिवण्याचा. पौलही तोच धंदा जाणणारा, तो त्यांच्याकडेच उतरला, बरोबर काम करू लागला. पुढे ती इफिसला गेली, मग परत रोमला. आणि पौल आपल्या पत्रांत लिहितो, त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगा. बघा तर खरं. गाव सोडलेली, हाकलून दिलेली, कापडाच्या नाहीतर कातड्याच्या धंद्यातली, भाड्याच्या जागेत राहणारी माणसं. त्यांना आज उधन्यात आणून सोडलं तर ती पांडेसरात किंवा लिंबायतला खोली घेऊन राहतील आणि आपल्या कुणाच्याच नोंदवहीत त्यांचं नाव नसेल. पण मंडळी त्यांच्या घरी होती! सुरुवातीचा कितीतरी काळ वेगळी इमारत नव्हतीच. सीरियात ड्युरा युरोपस इथं उत्खननात जी फार जुनी प्रार्थनेची जागा सापडली ती तिसऱ्या शतकातली, आणि तीही मुळात एक राहतं घरच.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर कमिटीतले भाऊ म्हणतील, बोलायला काय जातंय. नोंदवही लागते, मान्य. मिळकतीचे कागद सांभाळायचे असतात, निवडणूक असते, मताधिकार कुणाला हे ठरवावं लागतं. दफनभूमीत जागा कमी, शहर वाढतंय, रोज कुणीतरी येऊन आमचंही माणूस ख्रिस्ती होतं म्हणेल तर शहानिशा नको का? मयताच्या बाबतीत पोलीस, दाखला, नातेवाइकांची संमती, सगळं पाहावं लागतं. मी स्वतः सहा वर्षं हे पाहिलंय. नियम करणारे काही दुष्ट नव्हते. वही काही पाप नाही.

पण बेनच्या प्रश्नाकडे परत या. त्यांच्या दूध मंडळीतसुद्धा वही असते, आणि ती आपल्यापेक्षा नीट असते! तरी सहकाराचं पहिलं तत्त्व काय? सभासदत्व सर्वांना खुलं. आणि कारभार कसा? एक माणूस एक मत, मग शेअर कितीही असोत. गावातली बाई दोन लिटर दूध घेऊन दारात आली तर मंडळी तिला सांगते की फॉर्म कुठं मिळतो. आमच्या त्या पोरानं तीन वर्षं दाराजवळ बसून वाट पाहिली, आणि आम्ही त्याला फॉर्म कुठं मिळतो हेही सांगितलं नाही. मग तो मेल्यावर म्हणालो, वहीत नाव नाही. नाव घालायचं काम कुणाचं होतं? मेलेल्याचं?

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि ते उधन्यातल्या, दिंडोलीतल्या, पांडेसरातल्या सगळ्याच मंडळ्यांना आहे, पंथ कोणताही असो.

पहिलं, दाराशी एक दुसरी वही ठेवा. सभासदांची नव्हे, आलेल्यांची. नाव, गाव, इथली खोली, गावाकडचा एक फोन नंबर. मताधिकार नको, वर्गणी नको. लिहिता येत नसेल तर कुणीतरी लिहून घ्या. आजारपणात, अपघातात, मरणात हीच वही कामाला येते.

दुसरं, गावाकडच्या पाळकांना आणि वडीलधाऱ्यांना विनंती. नंदुरबार, नवापूर, साक्री, धुळ्याकडून पोरं ताप्ती लाइनची गाडी धरून सुरतेला येतात, तेव्हा भाकरीबरोबर चार ओळींचं पत्रही बांधून द्या. ही काही नवी टूम नाही. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौलानं फीबी नावाच्या बहिणीसाठी अशीच शिफारस केली आहे, तिला सांभाळून घ्या म्हणून. परगावी जाणाऱ्या माणसाला पत्र देणं ही आपली जुनी चाल आहे. मेल्यावर पत्र मागण्यापेक्षा जिवंतपणी दिलेलं बरं.

तिसरं, मयताच्या बाबतीत ठराव बदला. उपासनेला येणारा होता असं दोन सभासदांनी सांगितलं, घरच्यांनी फोनवर होकार दिला आणि सरकारी दाखला पुरा असला, तर पत्र मागाहून आलं तरी चालावं. ज्या बैठकीत मी हात वर केला होता तिथल्या लोकांना मी हे लेखी दिलं आहे. अजून उत्तर नाही. येईल अशी आशा आहे.

आणि चौथं, याला पैसा लागत नाही, बैठकही लागत नाही. इमारतीला देवळ म्हणा, चर्च म्हणा, प्रार्थनामंदिर म्हणा, काय हवं ते म्हणा. पण तिला मंडळी म्हणू नका. कुलूप लागतं ते देवळाला. आम्ही घरात हे सुरू केलंय. नातवाला सवय लागली, मला अजून लागत नाही, जीभ घसरते. परवा मी म्हणालो, "मंडळी नऊला उघडते," तर पोरगं म्हणतं, "आजोबा, मंडळी उघडते म्हणजे काय, डबा आहे का?"

शेजाऱ्यांसाठी दोन शब्द. बेन, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. आमच्या मंडळीत व्याज नाही, कर्जही मिळत नाही. मुलीच्या लग्नात मात्र पंगत वाढायला चार माणसं नक्की मिळतील, हाक मारा. आणि त्या रात्री टेम्पोत बसलेल्या पाच भावांना, वाचता येत असेल तर कुणी हे वाचून दाखवा. धर्मशास्त्राप्रमाणे मंडळी कोण आणि कोण नाही हे पाळक मंडळी ठरवतील, माझी तेवढी विद्या नाही. पण एका आईनं विचारलं होतं आणि मी तुमच्याकडे बघून हो म्हटलं होतं. ते मी मागे घेत नाही.

त्या आईला परत भेटायला जायचंय. या वेळी टेम्पोत आमचीही माणसं असावीत, एवढीच इच्छा आहे. जो कुणी येणार असेल त्यानं रविवारी उपासनेनंतर मला गाठावं. मी हल्ली दाराजवळच्या बाकावर बसतो.

आपला,
एक जुना वाचक, उधना